शारीरिक शिक्षणातील प्रेरक आधार : प्रश्नावली नेमके काय मोजते?

शिक्षकांकडून मिळणारा प्रेरक आधार विद्यार्थ्यांनाच विचारून मोजण्यासाठी ‘लर्निंग क्लायमेट क्वेश्चनेअर’ ही प्रश्नावली वापरली जाते. विल्यम्स आणि डेसी यांनी १९९६ मध्ये ती वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या अभ्यासात वापरली. तीत १५ विधाने आहेत आणि प्रत्येक विधानाला १ ते ७ गुण द्यायचे असतात. ६ विधानांची संक्षिप्त आवृत्तीही आहे. पुढे शब्द बदलून ती शारीरिक शिक्षणाच्या तासाला लागू झाली.

तिची जमेची बाजू स्पष्ट आहे. निरीक्षकाला शिक्षकांचे बोलणे ऐकू येते, पण ते विद्यार्थ्याला कसे वाटले हे विद्यार्थीच सांगू शकतो. तरीही तीन मर्यादा लक्षात घ्याव्या लागतात.

१) व्याप्ती : डेसी व रायन यांच्या सिद्धांतात स्वायत्तता, क्षमता आणि आपुलकीचे नाते अशा तीन गरजा आहेत. मूळ प्रश्नावलीचा रोख स्वायत्ततेवर आहे. म्हणूनच स्टँडेज, डुडा आणि न्टोमानिस यांनी २००५ च्या शालेय अभ्यासात तिन्ही आधारांसाठी वेगवेगळी विधाने घेतली. केवळ स्वायत्ततेच्या सरासरीला ‘प्रेरक आधार’ म्हणणे म्हणजे फक्त व्होल्टेज मोजून पॉवर सांगणे होय.

२) विश्वसनीयता : अनेक प्रबंध क्रॉनबॅक अल्फा जास्त आला की थांबतात. समजा, विधानांमधील सरासरी सहसंबंध ०.३ आहे. मग ६ विधानांचा अल्फा सुमारे ०.७२ येतो आणि १५ विधानांचा ०.८७. सहसंबंध तोच, वाढली ती फक्त विधानांची संख्या. शिवाय अल्फा सुसंगती दाखवतो, सप्रमाणता नव्हे. सरांविषयीच्या आदरापोटी सगळीकडे ७ लिहिले, तरी उत्तरे सुसंगतच दिसतील.

३) संदर्भ : ‘शिक्षक मला पर्याय देतात’ या विधानाला कमी गुण मिळाले, तर दोष कोणाचा? साठ मुलांत दोनच चेंडू असतील, तर पर्याय देणे शिक्षकांच्या हातात नसते. प्रश्नावली हा फरक करत नाही.

म्हणून वर्गातील वातावरण समजून घेण्यासाठी ही प्रश्नावली जरूर वापरावी. तीन आधार वेगळे मोजावेत, उत्तरे निनावी घ्यावीत आणि मैदान व साहित्याची नोंद सोबत ठेवावी. एकाच शिक्षकांचे विद्यार्थी ही स्वतंत्र मापने नसतात, हेही विश्लेषणात धरावे. मात्र केवळ या गुणांवरून शिक्षकांचे मूल्यमापन करू नये. कॅलिब्रेशन न झालेल्या मीटरवरून आपण कोणाला वीजबिल लावत नाही.