उतरंड आणि कारंजे

बिबवेवाडीच्या टेकडीच्या उतारावर अप्पर इंदिरानगरच्या वस्त्या आहेत. तिथल्या एका तरुण शिल्पकाराने अलीकडे हातभर उंचीचा तांब्याचा एक नमुना आणि त्याचा आराखडा माझ्यापुढे ठेवला. तीन थरांचे कारंजे. खालचे पात्र तीन मीटर व्यासाचे, मधले दोन, वरचे एक. माथ्यावर अर्धवट उमललेली कळी. सगळे मिळून उंची चार मीटर. बिबवेवाडीतल्या एखाद्या चौकात ते उभे राहावे, अशी त्याची इच्छा आहे. शिल्पाला त्याने नाव दिले आहे 'उतरंड'. जाताना म्हणाला, "सर, यावर लिहा. पण मला बरे वाटावे म्हणून लिहू नका."

आपल्या चळवळीत एक सवय आहे. आपल्या पोराने काही केले की पाठ थोपटायची आणि प्रस्थापितांनी काही केले की नाक मुरडायचे. या दोन्ही गोष्टी समीक्षेच्या नाहीत. त्याने मागितली आहे ती समीक्षा. तेव्हा ती करू.

प्रथम रूढ मापे लावून पाहू. बा. सी. मर्ढेकरांनी संवाद, विरोध आणि समतोल या लयतत्त्वांवर सौंदर्याची मांडणी केली. त्या मापाने हे शिल्प कमी पडत नाही. तिन्ही पात्रांच्या पोटाचा बाक एकच आहे, हा संवाद. धातू स्थिर आणि पाणी चंचल, हा विरोध. उंची वाढते तसा घेर घटत जातो, हा समतोल. कोणत्याही कलाविद्यालयात या नमुन्याला चांगले गुण मिळतील. परंतु आपला प्रश्न इथे संपत नाही, तो इथून सुरू होतो. पाणी कोठून येते, कोणाच्या हाताने येते आणि कोणाच्या हाताला लागते? हा प्रश्न कलेबाहेरचा आहे, असे म्हणणारे पुष्कळ भेटतील. पुण्याचा इतिहास तसे म्हणू देत नाही.

शनिवारवाड्यातले हजारी कारंजे घ्या. सोळा पाकळ्यांच्या कमळाचा त्याचा आकार. बाल सवाई माधवरावाच्या मनोरंजनासाठी ते बांधले, असे सांगतात. त्या काळी पंप नव्हता. अठराव्या शतकाच्या मध्याला नानासाहेब पेशव्यांच्या कारकिर्दीत कात्रजला तलाव बांधून तिथले पाणी दगडी नळातून शहरात आणले गेले. तो नळ आमच्या बिबवेवाडीच्या पश्चिमेकडून उतरत गेला. कात्रज उंचावर, वाडा सखल भागात. उंचीतला हा फरकच पाण्याला रेटा देत होता. वाटेत हवा सुटावी आणि नळाची सफाई करता यावी म्हणून उच्छ्वास बांधलेले होते. अभियांत्रिकी म्हणून हे काम मोठेच आहे, ते नाकारण्याचे कारण नाही. पण त्याच पेशवाईच्या राजधानीत अस्पृश्याने कमरेला झाडू बांधावा, थुंकीसाठी गळ्यात मडके अडकवावे, असा दंडक होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जातिसंस्था नष्ट करण्यावरच्या आपल्या न झालेल्या भाषणात, १९३६ साली, तो नोंदवून ठेवला आहे. एकाच शहरात पाणी कमळातून नाचत होते आणि माणसाची थुंकी मडक्यात कोंडलेली होती. मर्ढेकरी मापाने हजारी कारंजेही उत्तीर्णच होते. म्हणजे माप खोटे नाही, अपुरे आहे.

आता धातूकडे येऊ. तांबे का घेतलेस, असे मी त्याला विचारले. दगड स्वस्त पडला असता, सिमेंट त्याहून स्वस्त. तो म्हणाला, "आजीच्या घरात तांब्याचे एकही भांडे नव्हते." हे उत्तर भावनेचे वाटेल, पण त्यामागे व्यवस्था आहे. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात तांबे, लोखंड, कासे, पितळ ही क्षाराने, आंबटाने आणि पाण्याने शुद्ध होतात, असा नियम आहे. त्याच ग्रंथाच्या दहाव्या अध्यायात चांडाळांनी फुटक्या भांड्यांत जेवावे आणि लोखंडाचे दागिने घालावेत, असेही फर्मान आहे. चिंच लावली की तांबे शुद्ध झाले. माणसाला मात्र जगातली कोणतीही चिंच लागू पडली नाही. आणि हे केवळ पोथीत राहिले नाही. अहमदाबाद जिल्ह्यातल्या झानू गावी नोव्हेंबर १९३५ मध्ये बऱ्या स्थितीतल्या अस्पृश्य बायका धातूच्या भांड्यांनी पाणी भरू लागल्या, तेव्हा सवर्णांनी त्यांच्यावर हल्ला केला. बाबासाहेबांच्या त्याच भाषणात ही घटना आहे. पाणी तेच, विहीर तीच, बाई तीच. भांडे मातीचे जाऊन धातूचे आले, एवढाच गुन्हा.

म्हणून या पोराने तांबे निवडणे ही सजावट नाही. ज्या धातूची घागर डोक्यावर घेतली म्हणून मार खावा लागला, त्या धातूचे चार मीटरचे शिल्प तो चौकात उभे करू पाहतो. या निवडीला मी पूर्ण गुण देतो.

मात्र निवड आणि घडण या वेगळ्या गोष्टी आहेत. घडणीसाठी तो कसबा पेठेतल्या तांबट आळीत जाऊन बसला, हे मला महत्त्वाचे वाटते. तांबट पेशवाईत पुण्यात स्थिरावले. हंडे, घागरी, घंगाळी, बंब त्यांच्या हातांनी घडले. तांब्याचा स्वभाव असा की ठोकत गेले की ते ताठ होते, आणखी ठोकले तर तडकते. मग ते लालसर होईतो तापवायचे, म्हणजे पुन्हा मऊ होते, आणि पुन्हा ठोकायचे. शेवटी मठारकाम: हातोडीचा एकेक ठोका शेजारच्या ठोक्याला लागून, सारख्या जोराचा. त्याने पत्रा कणखर होतो आणि अंगावर चमकदार टिकल्यांची नक्षी उठते. प्रेक्षक जिला नक्षी म्हणतो ती मजुरीची मोजणी आहे. एक टिकली म्हणजे एक ठोका. आयुष्यभर हा आवाज कानांवर घेणाऱ्याची श्रवणशक्ती पुढे काय होते, हे सौंदर्यशास्त्राच्या पुस्तकात सापडत नाही.

दोन मीटरचे पात्र एका पत्र्यातून निघत नाही. पाकळ्यांसारखे तुकडे कापून, बाक देऊन, टाकणखार लावून पितळेच्या डाकाने ते जोडावे लागतात. दोन मिलिमीटर जाडीच्या पत्र्याचे, वीतभर खोलीचे ते पात्र साठ किलोच्या आसपास भरेल. त्यात मावणारे पाणी मात्र तीनशे लिटरांच्या वर जाईल. म्हणजे भांड्यापेक्षा पाणी पाचपट जड. हा भार पत्रा पेलत नाही, आतला खांब पेलतो. आराखड्यात हा खांब साध्या लोखंडाचा आहे. ही चूक आहे. तांबे आणि लोखंड ओल्यात एकमेकांना भिडले की लोखंड झपाट्याने गंजते. खांब न गंजणाऱ्या पोलादाचा हवा आणि सांध्यात दोन धातूंच्या मध्ये रबराची किंवा तशा कशाची तरी गादी हवी. नाहीतर बाहेरून झळाळणारे शिल्प आतून पोखरले जाईल. अशी शिल्पे, आणि अशा संस्थाही, आपण पाहिल्या आहेत.

दुसरी गोष्ट काठाची. काठावरून पडणाऱ्या पाण्याचा थर काही मिलिमीटरांचाच असतो. काठ एका बाजूला तेवढाच कलला, तर सगळे पाणी त्या बाजूने जाते आणि दुसरी बाजू कोरडी राहते. तिसरी गोष्ट ओठाची. तांब्याला धड ओठ नसेल तर ओतताना पाणी त्याच्या पोटाला चिकटून खाली ओघळते, हे घरातल्या प्रत्येक बाईला ठाऊक असते. नमुन्यातल्या पात्रांना ओठ नाही. तो बाहेर वळवला पाहिजे, तरच पाण्याचा पडदा सुटा पडेल.

हे दोष दुरुस्त होण्याजोगे आहेत. माझा खरा आक्षेप निराळा आहे, आणि तो नावापासूनच सुरू होतो.

उतरंड हा शब्द मराठीत दोन ठिकाणी राहतो. एक आजीच्या घरात: खाली मोठे मडके, त्यावर लहान, त्यावर आणखी लहान. त्यांत धान्य, डाळ, मीठ-मिरची, आणि कुठल्यातरी मडक्याच्या तळाशी फडक्यात बांधलेले दोन पैसे. दुसरी उतरंड आपल्या भाषणांतली, जातींची. 'मूकनायक'च्या ३१ जानेवारी १९२० च्या पहिल्याच अंकात बाबासाहेबांनी हिंदू समाजाला अनेक मजल्यांच्या, पण शिडी नसलेल्या मनोऱ्याची उपमा दिली होती. ज्याने ज्या मजल्यावर जन्मावे त्याने तिथेच मरावे, हा त्या मनोऱ्याचा कायदा. शिल्पकाराला यांतली कोणती उतरंड अभिप्रेत आहे? त्याचे उत्तर, "दोन्ही." उत्तर चलाख आहे, पण शिल्पात ते उतरलेले नाही.

कारण थरांच्या कारंज्याची चाल पाहा. वरचे पात्र भरते, वाहू लागते, तेव्हा मधल्याला मिळते. मधले भरून सांडले की खालच्याला. म्हणजे खालच्याच्या वाट्याला येते ते वरच्याचे उरलेले. आपल्याकडे त्याला उष्टे म्हणतात. राज्यकर्त्यांनी हाच विचार शिक्षणात चालवला होता: वरच्या वर्गांना शिकवा, विद्या आपोआप खाली झिरपेल. महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात या झिरपण्याच्या सिद्धांताचा फोलपणा दाखवला आणि खालच्यांच्या प्राथमिक शिक्षणावर आधी खर्च करा, अशी मागणी केली. आज विकासाच्या नावाने तोच सिद्धांत नव्या कपड्यांत फिरतो. नुसते तीन थर उभे करून वरून पाणी सोडले, तर आपल्याच पोराच्या हातून, आपल्याच आजीच्या नावाने, त्या सिद्धांताचे स्मारक उभे राहील.

मग थरांचा आकारच टाकून द्यावा काय? मी तसे म्हणत नाही. थर दिसले की 'वर्णव्यवस्था' म्हणून ओरडायचे, ही समीक्षा नव्हे, भिंतीवरची घोषणा झाली. कारंज्यात एक सत्य आहे जे मनोऱ्यात नाही. कारंज्याच्या माथ्यावरचे पाणी माथ्याचे नसते. ते तळाच्या हौदातून आलेले असते. पंप ते खांबातल्या नळीने वर चढवतो. तळ आटला की माथा कोरडा पडतो, कळी नुसता पत्रा उरते. घरातल्या उतरंडीचेही तसेच आहे: सगळ्यांत खालचे मडके सगळ्यांत मोठे आणि सगळ्यांचा भार त्याच्यावर. ते काढा, वरचे एकही टिकत नाही. हीच या आकाराची खरी ताकद आहे.

आणि नेमका तोच तळ आराखड्यात लपवला आहे. हौद जमिनीखाली, वर फरशी, फरशीवर शोभेचे गोटे, भोवती कमरेएवढे रेलिंग. का, म्हणून विचारले तर म्हणाला, "लोक हात घालतात. पोरं पाण्यात उतरतात. सगळ्यांनीच रेलिंग सुचवलं." मी थोडा वेळ गप्प बसलो. पाण्याला हात लावू नये म्हणून कुंपण, हे वाक्य आपल्या पोराच्या तोंडून ऐकायला मिळेल असे वाटले नव्हते. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर काय घडले, हे या पोराला पाठ आहे. लोकांनी ओंजळीने पाणी घेतले. मग सवर्णांनी गोमूत्र, शेण, दूध, दही घातलेल्या १०८ घागरी ओतून तळे 'शुद्ध' केले. आणि तळ्याचा हक्क मुंबई उच्च न्यायालयाने मान्य करायला १७ मार्च १९३७ उजाडले. ओंजळ आणि पाणी यांच्यातले कुंपण काढायला न्यायालयात दहा वर्षे लागली. ते आपण आपल्या हाताने पुन्हा का घालावे?

तेव्हा माझ्या सूचना अशा. रेलिंग काढ. हौद उघडा ठेव, जमिनीच्या पातळीवर, पोराने काठावर बसून पाय सोडावेत इतका उथळ आणि रुंद. पडणाऱ्या पाण्याचे तुषार वाऱ्याने रस्त्यावर जाऊ नयेत, म्हणूनही तो रुंद हवाच. पंप आणि विजेची तार हौदाबाहेर, वेगळ्या बंद खोलीत ठेव, म्हणजे धोक्याची सबब उरणार नाही. पाणी चढवणारी नळी लपवू नकोस, तीही तांब्याची कर आणि दिसू दे. फिरवून वापरलेले पाणी पिण्याजोगे नसते, म्हणून चौथऱ्याला पिण्याच्या पाण्याचा स्वतंत्र नळ दे, मुलाच्या हाताला येईल इतक्या उंचीवर. आणि ज्या तांबटांनी पात्रे घडवली त्यांची नावे तुझ्या नावाशेजारी, त्याच आकाराच्या अक्षरांत कोर. मुंबईच्या फ्लोरा फाउंटनचा आराखडा नॉर्मन शॉचा आणि कोरीवकाम जेम्स फोर्साइथचे, हे १८६४ पासून नोंदलेले आहे. तो दगड वाहून आणणाऱ्या, रचणाऱ्या हातांची नोंद कोठे आहे?

यावर कोणी म्हणेल, नळ लावला की शिल्पाची पाणपोई होईल. होऊ द्या. महात्मा फुल्यांनी १८६८ साली पुण्यातल्या आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. त्या हौदाला पाकळ्या नव्हत्या, कळी नव्हती, हजार धारा नव्हत्या. तरीही पुण्यात पाण्याची सर्वांत मोठी कलाकृती कोणती, असे मला विचाराल, तर मी शनिवारवाड्याकडे बोट दाखवणार नाही.

हा तरुण मोठे काम करू शकेल, याविषयी मला शंका नाही. त्याचे हात तयार आहेत, धातू त्याने विचारपूर्वक निवडला आहे. नाव मात्र त्याला अजून कमवायचे आहे. कारंजे उभे राहील तेव्हा त्याची पहिली परीक्षा आम्हा समीक्षकांकडे देऊ नये. टेकडीच्या उतारावर आजही नळाला पाणी केव्हा आणि किती येईल याचा नेम नसतो. रिकामा हंडा घेऊन त्या उतारावरून येणारी एखादी बाई चौकात थांबते का, हात धुते का, पोराला पाणी पाजते का, एवढे पाहावे. ती नुसतीच बघून पुढे गेली, तर शिल्प कितीही झळाळत असले तरी ते पुन्हा घडवायला घ्यावे लागेल.