बर्फावरची रेघ, खांबावरचं तेल

'आय, टोन्या' मी पहिल्यांदा पाहिला तो पुण्यातल्या भाड्याच्या फ्लॅटवर, जेवता जेवता. त्यात एक प्रसंग आहे. स्पर्धा संपलेली आहे. टोन्या हार्डिंग एका पंचाला पार्किंगमध्ये गाठते आणि विचारते, मला कमी गुण का? पंच आधी टाळतो. मग सांगून टाकतो, की प्रश्न फक्त स्केटिंगचा कधीच नसतो. देशाचा चेहरा म्हणून आम्हाला एक नीटनेटकं, सुखी अमेरिकन कुटुंब हवं असतं.

मी ताट बाजूला ठेवलं आणि तो प्रसंग परत लावला. कारण चौदा वर्षांचा असताना मीही एका पंचाच्या मागे असाच गेलो होतो. पार्किंगऐवजी चहाची टपरी होती आणि स्केटिंगऐवजी मल्लखांब, एवढाच फरक.

माझं गाव तेल्हारा. अकोला जिल्हा, सातपुड्याचा पायथा, कपाशीचा मुलूख. बर्फ आमच्याकडे गोळ्यात मिळतो. शाळेच्या मागे एक खांब रोवलेला होता. मल्लखांबाचे तीन भाग असतात: खाली अंग, वर मान आणि टोकाला बोंड. कपाशी वेचलेल्या पोरांना 'बोंड' हा शब्द शिकवावा लागत नाही. खांबाला एरंडेल चोळलेलं असायचं. पहिली अढी मारली, म्हणजे मांड्यांच्या पकडीत खांब धरून उलटा झालो, तेव्हा मी सरळ घसरत खाली आलो होतो. सर म्हणाले, "तेल दुश्मन नाही. तेल तुले कुठी सैल हायेस ते सांगते."

त्या वर्षी मी विभागीय स्पर्धेपर्यंत गेलो. संच चांगला झाला असं वाटलं आणि गुण फार कमी पडले. म्हणून टपरीवर जाऊन पंचांना विचारलं. त्यांनी कपातून नजर न काढता सांगितलं, "इम्प्रेशन पडत नाही तुझं." परतीच्या एसटीत सर एवढंच बोलले, "पंचाले असं इचारत नसतेत बे."

त्यानंतर मी मल्लखांब सोडला आणि बारावीच्या मागे लागलो. इंजिनिअर झालो, आता सॉफ्टवेअर लिहितो. त्यामुळे 'आय, टोन्या' मी तटस्थपणे पाहूच शकलो नाही. पण दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा पाहिल्यावर लक्षात आलं की माझं या सिनेमाशी भांडण आहे.

*

आधी त्याचं श्रेय देऊ. क्रेग गिलेस्पीने दिग्दर्शित केलेला, स्टीव्हन रॉजर्सने लिहिलेला हा २०१७ चा सिनेमा एका बदनाम बाईला माणूस म्हणून परत उभं करतो. जानेवारी १९९४ मध्ये डेट्रॉइटमध्ये नॅन्सी केरिगनच्या पायावर हल्ला झाला. त्यात टोन्याच्या घटस्फोटित नवऱ्याचा हात निघाला आणि जगाने टोन्याला कायमचं खलनायिका ठरवलं. सिनेमा तिचं घर दाखवतो. मारणारी आई, मारणारा नवरा, स्वतः शिवलेले पोशाख. ॲलिसन जॅनीने रंगवलेली आई विसरता येत नाही, तिला त्यासाठी ऑस्करही मिळालं. मार्गो रॉबीची टोन्या चिडते, रडते, कॅमेऱ्यात बघून आपल्याशी बोलते. गरीब घरची मुलगी उच्चभ्रू खेळात शिरली आणि पंचांना तिचे कपडे खटकले, हा मुद्दा सिनेमा जोरात मांडतो आणि तो खोटा नाही.

पण हा सिनेमा स्केटिंग दाखवतच नाही.

ट्रिपल ॲक्सेलचा क्षण आठवा. १९९१ च्या अमेरिकन राष्ट्रीय स्पर्धेत टोन्याने ही उडी मारली. असं करणारी ती पहिली अमेरिकन स्त्री. तिच्या आधी जपानच्या मिदोरी इतोने १९८८ मध्ये ती मारली होती. ॲक्सेल कठीण का असते? बाकी उड्या पाठमोऱ्या घेतल्या जातात, ॲक्सेल तेवढी समोर तोंड करून. उतरायचं मात्र पाठमोरंच. म्हणून 'ट्रिपल' म्हणजे तीन नाही, साडेतीन गिरक्या. डाव्या पायाच्या ब्लेडच्या बाहेरच्या कडेवर सगळा भार तोलून, वेग न मोडता, वर जायचं. त्या कडेचा कोन चुकला तर हवेत गेल्यावर काहीच दुरुस्त होत नाही.

सिनेमात आपल्याला दिसतो तो चेहरा. स्लो मोशन, संगीत, डोळे. उडी व्हिज्युअल इफेक्ट्सने उभी केलेली आहे. त्याबद्दल तक्रार नाही, रॉबीने ती मारावी असं कोण म्हणेल? तक्रार कॅमेरा कुठे बघतो याची आहे. तो बहुतेक वेळ तिच्याभोवती फिरतो. पायाकडे, कडेकडे, वळणाकडे तो थांबत नाही. उडी का अवघड होती हे न कळताच आपण टाळ्या वाजवतो.

म्हणजे पंचांवर जो आरोप सिनेमा करतो, तोच गुन्हा तो स्वतः करतो. पंचांनी तिचं घर बघून तिला कमी लेखलं. सिनेमाने तिचं घर बघून तिच्यावर माया केली. तिचे पाय दोघांनीही नीट पाहिले नाहीत.

आणि एक गोष्ट या आरोपाच्या सोप्या मांडणीत बसत नाही. त्याच १९९१ च्या स्पर्धेत टोन्या पहिली आली. क्रिस्टी यामागुची दुसरी, केरिगन तिसरी. तांत्रिक गुणांत टोन्याला एका पंचाने ६.० दिले, म्हणजे पैकीच्या पैकी. तिचे कपडे, तिची भाषा, तिचं घर तेव्हाही तेच होतं. मग पूर्वग्रह नव्हता का? असेलही. पण जिथे मोजायची वस्तू ढळढळीत होती, तिथे पूर्वग्रहाला जागा कमी मिळाली. जिथे 'सादरीकरण' नावाचा दुसरा आकडा होता, तिथे तो पाय पसरून बसू शकत होता.

*

मला खेळाच्या समीक्षेतला हाच खरा प्रश्न वाटतो. पंचाच्या डोक्यातला पूर्वग्रह आपण काढू शकत नाही. त्याला बसायला किती जागा द्यायची, एवढं ठरवू शकतो.

फिगर स्केटिंगमध्ये एके काळी बर्फावर रेघा काढायची स्पर्धा असे. एका पायावर, ठरलेल्या कडेवर आठाचा आकडा काढायचा आणि तोच पुन्हा गिरवायचा. मग पंच खाली वाकून रेघ तपासत. खेळाचं नावच त्या आकृत्यांवरून पडलं. टीव्हीवर ते कंटाळवाणं दिसे आणि १९९० नंतर आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून ते गेलं. जाऊ दे. पण खेळाडू निघून गेल्यावरही बर्फावर पुरावा उरायचा, ही त्यातली गोष्ट मला मोह घालते. तेल लावलेल्या खांबावर काहीच उरत नाही.

पुढे राहिली ६.० ची पद्धत. दोन आकडे, आणि त्यावरून क्रम. सुरुवातीला उतरणाऱ्याला हात राखून गुण मिळत, कारण मागून येणाऱ्यांसाठी वर जागा ठेवावी लागे. २००२ च्या सॉल्ट लेक सिटी ऑलिंपिकमध्ये हे सगळं फुटलं. जोड्यांच्या स्पर्धेत रशियन जोडी पाच विरुद्ध चार मतांनी जिंकली. फ्रेंच पंच मारी-रेन ल गून यांनी आपल्यावर दबाव होता असं म्हटलं, नंतर ते फिरवलं. शेवटी कॅनडाच्या सॅले-पेल्टिए जोडीलाही सुवर्ण द्यावं लागलं.

त्यातून २००४ मध्ये नवी पद्धत आली. प्रत्येक उडीला, गिरकीला ठरलेली मूळ किंमत. ती उडी कोणती होती आणि पूर्ण फिरली का, हे वेगळं तांत्रिक पथक ठरवतं. पंच फक्त तिचा दर्जा सांगतात, आता उणे पाच ते अधिक पाच. सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा आकडा गाळून सरासरी काढतात. शिवाय रचना, सादरीकरण आणि स्केटिंगचं कौशल्य, असे तीन वेगळे गुण. स्पर्धेनंतर सगळा तक्ता जाहीर होतो.

पण गंमत बघा. घोटाळ्यानंतर पंचांवर दबाव येऊ नये म्हणून कोणता आकडा कोणत्या पंचाचा हेच लपवलं गेलं. आकडे उघडे आणि हात झाकलेले, अशी अवस्था २०१६ पर्यंत चालली. जो पंच दबावाखाली वाकतो त्याला बुरख्याची सोयच झाली, ही टीका तेव्हापासून होत होती आणि ती बरोबर होती.

आमच्या धंद्यात याला कोड रिव्ह्यू म्हणतात. मी लिहिलेला कोड सहकारी नाकारू शकतो, पण त्याला नेमक्या ओळीवर बोट ठेवून, स्वतःच्या नावाने कारण लिहावं लागतं. 'इम्प्रेशन पडत नाही' असं लिहिलं तर टीम हसेल. वर्षाअखेरच्या अप्रेझलमध्ये मात्र मॅनेजर नेमकं तेच लिहितो आणि तिथे कुणी हसत नाही. माणसं तीच, कंपनी तीच. फरक कारण लिहिण्याच्या सक्तीचा.

*

नियम बारीक केले की सगळं सुटतं, असंही नाही. २०१८ च्या ऑलिंपिकमध्ये रशियाच्या अलिना झागितोवाने तिच्या लांब कार्यक्रमातल्या सगळ्या उड्या उत्तरार्धात ठेवल्या, कारण थकल्या पायांनी मारलेल्या उडीला दहा टक्के जास्त मिळत. तिला सुवर्ण मिळालं. त्यानंतर हा वाढीव लाभ शेवटच्या मोजक्या उड्यांपुरता ठेवण्यात आला. तिने लबाडी केली नव्हती. तिच्या प्रशिक्षकांनी नियमावली नीट वाचली होती, एवढंच.

इथे मला आमचे सर आठवतात. पहाटे साडेपाचला खांबाशी येणारे, फी न घेणारे, एरंडेल स्वतःच्या पैशाने आणणारे. त्यांना शरीर कळायचं. कुणाचा खांदा दुखतोय हे सलामीतच ओळखायचे. पण नवी नियमावली त्यांच्यापर्यंत पोचलेली नसायची. कोणत्या प्रकाराला किती कठीण धरतात हे शहरातल्या प्रशिक्षकांना तोंडपाठ होतं. त्यांच्या मुलांचे संच गुण डोळ्यांसमोर ठेवून बांधलेले असत. आमचा संच सरांना सुंदर वाटे तसा असायचा. मग तो पंच पक्षपाती होता, की आमचा संचच कागदावर हलका होता? पंधरा वर्षं मी पहिलंच धरून चाललो. आता खात्री नाही. त्याने दोन वाक्यं जास्त बोलली असती तर मला कळलं असतं आणि सरांनाही.

मल्लखांबाला परंपरा कमी नाही. बाळंभट्टदादा देवधरांपासून ती सांगितली जाते. आमच्या शेजारच्या अमरावतीत १९१४ मध्ये हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभं राहिलं आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी त्याच मंडळाच्या पथकाने जगाला आपले खेळ दाखवले. तिथे ते प्रात्यक्षिक होतं, गुण द्यायचे नव्हते. २०१९ मध्ये मुंबईत शिवाजी पार्कला पहिली जागतिक स्पर्धा झाली, २०२२ मध्ये पंचकुलाला 'खेलो इंडिया'त मल्लखांब आला, २०२४ मध्ये उदय देशपांडे यांना पद्मश्री मिळाली. प्रात्यक्षिक संपून स्पर्धा सुरू झाली की टाळ्या पुरत नाहीत. आपल्याकडे खेळाडूंना दहावी-बारावीत वाढीव गुण आहेत, राज्याच्या नोकऱ्यांत पाच टक्के आरक्षण आहे. दशांश चिन्हानंतरच्या एका आकड्यावर एखाद्या पोरीची नोकरी टांगलेली असू शकते.

*

हे सगळं आत्ता लिहायचं कारण माझी मामेबहीण. नववीत आहे, दोरीचा मल्लखांब करते. मागच्या महिन्यात स्पर्धेत तिला ७.९ मिळाले. वाचून दाखवला तो एवढाच आकडा. कठीणपणात किती, सफाईत किती, काही नाही. मामींनी मोबाइलवर काढलेला व्हिडिओ तिने मला पाठवला आणि खाली लिहिलं, "दादा, मले कमी कावून देल्ले? आता मी जातच नाही प्रॅक्टिसले."

मी तिला 'आय, टोन्या' बघ असं सांगू शकलो असतो. तिला बरं वाटलं असतं. आपल्याला जग कमी लेखतं हे ऐकायला कुणालाही बरं वाटतं. मी तेच ऐकत पंधरा वर्षं काढली.

त्याऐवजी रात्री बसून मी तो व्हिडिओ पाव वेगाने सात-आठ वेळा पाहिला. पायाकडे पाहिलं. मग लिहून पाठवलं. सुरुवातीची चढण सुरेख. दुसऱ्या आसनात उजवा गुडघा वाकलाय, दोनदा. पकड बदलताना एकदा थांबलीस, तिथे लय तुटली. शेवटचं आसन नीट धरण्याआधीच सोडलंस. उतरताना एक पाऊल मागे गेलं. बाकी मला चूक दिसली नाही, आणि तेवढ्यासाठी इतके गुण जावेत का, हे मला सांगता येत नाही, कारण कागद माझ्याकडे नाही. पुढच्या वेळी सरांना घेऊन जा आणि तो कागद मागा.

दोन निळ्या टिका लगेच आल्या. मग बराच वेळ काही नाही. मला वाटलं, रडत असेल.

साडेअकराला उत्तर आलं. "गुडघ्याचं खरं हाय. मले बी वाटलं होतं." आणि त्याखाली, "मंग हे सांगाले त्यायले काय झालं होतं, दादा?"