'बी' म्हणजे नुसतं 'एक' नव्हे

आज एका छोट्या शब्दाबद्दल बोलू. घानातल्या अकान भाषेत (असांते, अक्वापेम, फान्टे या तिच्याच बोली) नामानंतर 'बी' येतो. त्याचा अर्थ 'एक' किंवा 'कोणीतरी' असा देऊन पुढे जाण्याची पद्धत आहे. आमची तक्रार या घाईबद्दल आहे.

'कोफी तॉऽ न्वोमा बी' म्हणजे कोफीने एक पुस्तक विकत घेतलं. इथपर्यंत ठीक. आता नकार घाला : 'कोफी अन्तॉ न्वोमा बी'. याचा अर्थ 'कोफीने एकही पुस्तक घेतलं नाही' असा होत नाही. एक अमुक पुस्तक आहे, ते त्याने घेतलं नाही, असा होतो. बाकीची दहा घेतलीही असतील! समजा, अशाच वाक्यात साक्षीदार पुस्तकाऐवजी माणसाबद्दल बोलतोय. 'एका माणसाला पाहिलं नाही' आणि 'कोणालाच पाहिलं नाही' यांत दुभाष्याने गल्लत केली, तर साक्षच बदलते.

आपल्याला हे परकं वाटू नये. 'त्याने एक पुस्तक वाचलं नाही' आणि 'एकही वाचलं नाही' यांत हाच फरक आहे. पण साम्य फार लांब नेऊ नये. आपलं 'एक' मुळात संख्या. अकानमध्ये संख्येसाठी 'बाको' हा वेगळा शब्द आहे. 'बी' मात्र अनेकवचनाला आणि पाण्यालाही चालतो : 'म्मॉफ्रा बी' म्हणजे काही मुलं, 'न्सुओ बी' म्हणजे थोडं पाणी.

रूबी आर्को यांनी २०११च्या प्रबंधात 'बी' हा विशिष्ट वस्तूकडे बोट दाखवणारा शब्द मानला. नकाराच्या वाक्यांचा उलगडा त्याने छान होतो, हे आम्हाला मान्य आहे. पण 'विशिष्ट' म्हणजे 'बोलणाऱ्याला ठाऊक असलेलं' असं समजलं, तर अडचण येते. 'दा बी' म्हणजे 'कधीतरी एक दिवस'. 'दा बी मी जाईन' म्हणणाऱ्याच्या मनात कुठली तारीख असते? कुठलीच नाही. म्हणून आम्हाला वाटतं, 'बी' बोलण्यात एक जागा राखून ठेवतो. ती जागा कोणाची, हे बोलणाऱ्याला माहीत असलंच पाहिजे असं नाही.

तेव्हा कुठल्याही भाषेतला शब्द कोणी 'एक' म्हणून शिकवला, तर आधी वाक्यात नकार घालून बघा. मग वहीत अर्थ लिहा.