संगणकाची 'संपूर्ण सफाई' : एक तपासणी

संगणकावर नवी आज्ञावली बसवणे हे दोन-चार बटणांचे काम असते. ती काढून टाकणे मात्र वाटते तितके सरळ नाही. बसताना ती एकाच फोल्डरात राहत नाही. काही फायली सामायिक फोल्डरात जातात, काही नोंदी विंडोजच्या 'रजिस्ट्री' या मध्यवर्ती नोंदवहीत होतात. हा पसारा आवरण्यासाठी 'अनइन्स्टॉलर' साधने निघाली. १९९० च्या दशकात क्वार्टरडेक कंपनीचे क्लीनस्वीप होते. आज रेव्हो अनइन्स्टॉलर आहे. ही साधने उपयोगी आहेत यात वाद नाही. परंतु अशा साधनांबरोबर येणारा 'संपूर्ण सफाई'चा दावा विज्ञानाच्या शिक्षकाने तपासून घ्यावा असाच आहे.

ही साधने तीन मार्गांनी माग काढतात. पहिला मार्ग निर्मात्याच्या नोंदीचा. विंडोज ९५ पासून आज्ञावली आपले नाव आणि स्वतःला काढण्याची आज्ञा रजिस्ट्रीत लिहून ठेवते. यादीतून नाव निवडले की विंडोज ती आज्ञा चालवते. म्हणजे सफाईचा दर्जा निर्मात्याच्या काळजीवर ठरतो. १९९८ साली बंगी कंपनीच्या 'मिथ २' या खेळात अशी चूक राहिली होती की, खेळ फोल्डरात न बसवता थेट डिस्कच्या मुळाशी बसवला असेल, तर तो काढताना सारी डिस्कच पुसली जाई. कंपनीला तयार प्रती परत मागवाव्या लागल्या.

दुसरा मार्ग तुलनेचा. आज्ञावली बसवण्याआधी व नंतर फायली आणि रजिस्ट्री यांची यादी करायची. जो फरक पडेल तो त्या आज्ञावलीचा मानायचा. तिसरा मार्ग अंदाजाचा. आज्ञावलीच्या किंवा कंपनीच्या नावाशी जुळणाऱ्या उरल्यासुरल्या नोंदी शोधायच्या.

माझा मुख्य आक्षेप तुलनेच्या मार्गातील तर्कावर आहे. 'नंतर घडले' म्हणजे 'त्यामुळे घडले' असे होत नाही. त्याच वेळी व्हायरसविरोधी आज्ञावली पार्श्वभूमीवर आपल्या फायली बदलत असेल, तर तो बदलही नव्या आज्ञावलीच्या माथी मारला जातो. उलट, वापर सुरू झाल्यावर ज्या फायली तयार होतात त्या या यादीत येतच नाहीत.

सामायिक डीएलएल फायलींचा प्रश्न याहून अवघड आहे. अशी फाइल किती आज्ञावल्या वापरतात याचा आकडा रजिस्ट्रीत ठेवण्याची पद्धत आली. आकडा शून्य झाला की फाइल काढता येते. पण एखाद्या आज्ञावलीने आकडा न वाढवताच फाइल वापरली, तर गरजेची फाइल जाते. एकच आज्ञावली दोनदा बसवताना आकडा दोनदा वाढला, तर निरुपयोगी फाइल कायमची राहते. मग संगणक वापरणाऱ्यालाच विचारतो, 'ही फाइल काढू का?' ज्याला उत्तर माहीत असण्याची शक्यता सर्वांत कमी, त्याच्यावरच निर्णय ढकलला जातो.

येथे चुका दोन प्रकारच्या आहेत : काढायचे ते राहणे आणि ठेवायचे ते जाणे. पहिलीची किंमत बहुधा डिस्कवरील थोडी जागा. दुसरीची किंमत बंद पडलेली दुसरी आज्ञावली. शोध अधिक कसून केला की पहिली चूक घटते, पण दुसरीचा धोका वाढतो. त्यामुळे 'अमुक इतक्या नोंदी पुसल्या' हा आकडा गुणवत्तेचे माप होऊ शकत नाही. रजिस्ट्री साफ करणाऱ्या साधनांच्या वापराला खुद्द मायक्रोसॉफ्टचाही पाठिंबा नाही.

याबाबत लिनक्सवरील डेबियनची रीत अधिक प्रामाणिक वाटते. कोणती फाइल कोणत्या पॅकेजची, याची यादी तेथे व्यवस्थाच ठेवते. नुसते 'काढणे' आणि मांडणीच्या फायलींसह 'निपटून काढणे' या दोन वेगळ्या आज्ञा आहेत. वापरणाऱ्याने स्वतः तयार केलेल्या फायलींना सहसा हात लावला जात नाही.

शाळेत हा विषय प्रयोगाने शिकवता येईल. एखादी लहान आज्ञावली बसवण्याआधी व नंतर विद्यार्थ्यांना फायलींच्या याद्या करून फरक काढू द्यावा. मग तेवढाच वेळ काहीही न बसवता पुन्हा दोन याद्या कराव्यात. याही वेळी फरक दिसला, तर तुलनेच्या प्रयोगाला नियंत्रण का लागते ते वेगळे सांगावे लागणार नाही.

शाळेच्या संगणकांपुरते म्हणायचे तर आधी महत्त्वाच्या फायलींची प्रत ठेवावी, मग निर्मात्याची स्वतःची सोय वापरावी. त्यानंतर जे उरेल ते अडचण करत नसेल, तर तसेच राहू द्यावे.