‘गोरिला’ खेळातला वारा

१९९१ साली मायक्रोसॉफ्टच्या डॉस ५ बरोबर क्यूबेसिक ही संगणकभाषा आली आणि तिच्यासोबत नमुन्यादाखल काही आज्ञावल्याही आल्या. त्यांतला ‘गोरिला’ हा खेळ पुष्कळांना आठवत असेल. इमारतींच्या गच्च्यांवर दोन गोरिला उभे असतात. खेळणाऱ्याने कोन आणि वेग टंकायचा, की स्फोटक केळे प्रतिस्पर्ध्याच्या दिशेने जाते. वारा किती आणि कोणत्या दिशेने, हे पडद्याच्या तळाशी एक बाण दाखवतो. प्रक्षेपित वस्तूची गती शिकवताना हा खेळ वर्गात आणावा का, याचा येथे विचार करू.

आजच्या संगणकावर तो सरळ चालत नाही. त्यासाठी ‘डॉसबॉक्स’ हा जुन्या डॉस-संगणकाची नक्कल करणारा मोफत प्रोग्रॅम लागतो. जुन्या डिस्कवरील क्यूबेसिक आणि गोरिला या दोन फायली एका फोल्डरमध्ये ठेवाव्यात, ‘माउंट’ आज्ञेने तो फोल्डर ‘सी’ ड्राइव्ह म्हणून जोडावा, क्यूबेसिकमध्ये खेळाची फाइल उघडावी आणि एफ५ ही कळ दाबावी.

कधी कधी खेळ सुरू होतो, पण केळे हवेत लटकल्यासारखे रेंगाळते. संगणक मंद असावा असे वाटते. खरा प्रकार उलट असतो. सुरुवातीला आज्ञावली अर्ध्या सेकंदात किती फेऱ्या होतात ते मोजते आणि केळ्याच्या प्रत्येक पावलानंतरचा थांबा त्या संख्येच्या प्रमाणात ठरवते. थांबा मात्र घड्याळ पाहूनच घेतला जातो. त्यामुळे यंत्र जितके वेगवान तितका थांबा लांब! डॉसबॉक्सचा वेग कंट्रोल व एफ११ या कळांनी कमी करावा, किंवा आज्ञावलीच्या सुरुवातीचा ‘स्पीडकॉन्स्ट’ हा ५०० चा आकडा वाढवावा. मोजणी एकदाच होते, म्हणून बदलानंतर खेळ पुन्हा सुरू करावा. ही दुरुस्ती विद्यार्थ्यांसमोरच करावी असे आम्ही सुचवू. लक्षण, तर्क, एका वेळी एकच बदल आणि पडताळा हा क्रम त्यांना प्रत्यक्ष दिसेल.

आता खेळातील विज्ञानाकडे वळू. गुरुत्वत्वरण खेळणाऱ्याला निवडता येते, ही फार चांगली सोय आहे. ४५ अंश आणि ५० वेग दिल्यास, वारा नसताना, केळे समान उंचीवर सुमारे २५५ एकके दूर पडते, चंद्राचे १.६ हे त्वरण घेतले तर ते ६४० एककांच्या पडद्याबाहेर जाते. परंतु हे त्वरण विचारताना खेळ एकक सांगतो ‘मीटर/सेकंद’. ते वेगाचे एकक झाले! नववीतल्या मुलानेही ही चूक पकडावी.

वाऱ्याची चूक अधिक खोल आहे. आज्ञावलीत वाऱ्याच्या आकड्याला ५ ने भागून येणारी संख्या आडवे त्वरण म्हणून वापरली आहे, आणि ते उड्डाणभर स्थिर राहते. वारा ५ असेल तर वरच्या फेकीत केळे सुमारे २६ एकके सरकते. खऱ्या हवेत वाऱ्याचा रेटा हवा आणि वस्तू यांच्या सापेक्ष वेगावर अवलंबून असतो. वस्तू वाऱ्याच्याच वेगाने जाऊ लागली की आडवा रेटा उरत नाही. खेळातला वारा मात्र ढकलतच राहतो, आणि वारा शून्य असला की हवेचा रोधही शून्य! म्हणजे हा वारा नव्हेच; गुरुत्वाकर्षणाची दिशा थोडी तिरपी केली आहे, इतकेच. म्हणूनच वाऱ्यातही केळ्याचा मार्ग अन्वस्तच राहतो, फक्त त्याचा अक्ष कलतो.

मग हा खेळ टाकाऊ आहे काय? आमच्या मते नाही. केवळ खेळायला दिला तर वाऱ्याविषयी चुकीची कल्पना मुलांच्या मनात रुजेल, आणि पडद्यावर डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट फळ्यावरच्या शब्दांनी सहज पुसली जात नाही. पण या खेळाची आज्ञावली उघडी आहे. बहुतेक तयार शैक्षणिक खेळांत आतले सूत्र शिक्षकालाही दिसत नाही. येथे ते वाचता येते, तपासता येते, बदलता येते. विद्यार्थ्यांना ती ओळ शोधायला सांगावी, वाऱ्याचे त्वरण सापेक्ष वेगावर अवलंबून ठेवून ती पुन्हा लिहायला लावावी, आणि जुना व नवा मार्ग एकाच आलेखकागदावर काढून घ्यावा. खेळात कोण जिंकले याची आठवण त्यानंतर कोणाला राहणार नाही.