प्रज्वलन कीं चेतवणें?

‘इग्निशन’साठीं ‘प्रज्वलन’ लिहिण्याचा आपल्याकडे प्रघात आहे. लॅटिन ‘इग्निस’ व संस्कृत ‘अग्नि’ एकाच कुळांतले, हें खरें. पण प्रज्वलन म्हणजे ज्वाळांनीं जळणें. इग्निशन हा आगीचा केवळ आरंभ. त्यास मराठींत ‘चेतणें’ आहेच. मोखाडा तालुक्यांतील सूर्यमाळच्या बाजूस शेतकरी पावसाआधीं पालापाचोळा व शेण पसरून नागलीच्या रोपांसाठीं राब भाजतो. ही आग चेतवावयाची असते, भडकवावयाची नसते. तिनें तण मारावें, राख मागें ठेवावी. ती प्रज्वलित झाली तर रान जाईल! सभेंतलें दीपप्रज्वलन सुखें चालो. परंतु आरंभासाठीं आम्ही ‘चेतवणें’च पत्करूं. त्यांत आगीबरोबर ‘चेतना’हि ऐकूं येते.