मैत्री आणि मैत्र

‘मैत्र’ हा शब्द आजच्या मराठीत बहुधा ‘मैत्री’चा अधिक हळवा पर्याय म्हणून योजला जातो. पु. ल. देशपांडे यांच्या ‘मैत्र’ या पुस्तकाच्या शीर्षकातूनही निवडक स्नेह्यांचे वर्तुळच सूचित होते. ज्ञानेश्वरीत (शके 1212) मात्र या दोन शब्दांची कामे निराळी आहेत.

गीतेच्या बाराव्या अध्यायातील तेराव्या श्लोकात ‘मैत्र’ हे भक्ताचे विशेषण आहे. त्यावरील भाष्यात ज्ञानदेव ‘मैत्री’ हा शब्द वापरतात आणि दृष्टान्त देतात : पृथ्वी उत्तम-अधम भेद जाणत नाही, पाणी गाईची तहान भागवते म्हणून वाघाला विष होत नाही. ही मैत्री निःपक्षपाती, परंतु एकतर्फी आहे. एकाच पाण्याने तृप्त झालेल्या गाय आणि वाघ यांचे परस्परांशी असलेले नाते तिने बदलत नाही.

पसायदानात ‘मैत्र’ हे नपुंसकलिंगी नाम येते आणि त्याला ‘परस्पर’ या शब्दाची जोड मिळते. एकाचा गुण येथे अनेकांमधील संबंध होतो. क्रियापदही लक्षणीय आहे. मैत्री केली जाते, जोडली जाते. मैत्र मात्र ‘पडते’, जशी गाठ पडावी किंवा सवय पडावी. दोन्ही ओव्यांत यमकाचा दाब आहे, हे खरे; तथापि यमकाने शब्दाची जागा ठरते, त्याचा अर्थ नव्हे. ज्याला निवड लागत नाही असे हे नाते असल्यामुळेच ते उपदेशिलेले नसून मागितलेले आहे.

या अर्थभेदाची निकड आजच्या वस्त्यांत जाणवते. पवनेकाठचे पुनावळे 1997 साली पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत समाविष्ट झाले. अशा गावात भावकी जन्माने ठरते, मित्रमंडळ निवडीने. जुने ग्रामस्थ आणि गृहसंकुलांतील नवे रहिवासी यांची पडलेली गाठ या दोहोंत बसत नाही. नागरी संस्थेकडून अपेक्षित असते ती पाण्याची समदृष्टी. ती अपरिहार्य असली तरी तिने शेजार घडत नाही. जन्म आणि निवड यांपलीकडच्या या नात्यासाठी मराठीत सात शतकांपासून शब्द आहे. त्याला ‘मैत्री’चे भावुक रूप मानणे म्हणजे नेमका तोच अर्थ गमावणे होय.